तेरा नंबरचा पाना

ते प्रकरण मी विसरलेलो नाही, आणि कुणी विसरा म्हटलं तरी विसरणार नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांचा तपशील आठवायचा तर मला जुन्या वह्या काढाव्या लागतात. हे मात्र तोंडपाठ आहे. जनावरांची वैरण कापणाऱ्या कडबाकुट्टीच्या एका मशीनचं प्रकरण. वरिष्ठांच्या लेखी किरकोळ, वर्तमानपत्रात चार ओळी. नावं कुणाचीच सांगत नाही. ज्यांना ओळख पटायची त्यांना पटेल, आणि पटली तरी माझं काय वाकडं होणार आहे? मी आता पेन्शनर माणूस.

तेव्हा मी शिरूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत भीमेकाठची गावं, ऊसच ऊस आणि दारोदारी जनावरं. नदी ओलांडली की दौंड तालुका. एक दिवस सकाळी दहाच्या सुमारास शिरूरच्या एका खाजगी दवाखान्यातून ठाण्यात खबर आली. कुट्टी मशीनमध्ये हात जाऊन एका बाईची उजव्या हाताची चार बोटं तुटली होती. असा जखमी आला की दवाखान्याने पोलिसांना कळवायचं आणि पोलिसांनी जाऊन जबाब घ्यायचा, हा रोजचा शिरस्ता. मी एका हवालदाराला पाठवलं. दुपारी तो जबाब घेऊन आला, मी सही केली. वाचला म्हणवत नाही, चाळला.

जबाबात लिहिलं होतं की मशीन दोन महिन्यांपूर्वी दौंडच्या एका वर्कशॉपमधून नवीन घेतलं. वैरण आत ओढणाऱ्या दातेरी रोलरवर लोखंडी गार्ड असायला पाहिजे, तो नव्हताच. वर्कशॉपवाल्याने गार्डसकट म्हणून पैसे घेतले आणि उघडं मशीन गळ्यात मारलं. खाली बाईच्या डाव्या अंगठ्याचा ठसा. आम्ही वर्कशॉपवाल्यावर निष्काळजीपणाने गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा नोंदवला.

तिसऱ्या दिवशी ठाण्याच्या आवारात तीन जीपगाड्या येऊन थांबल्या. पुढे गावचा पुढारी, मागे बाईचा नवरा, त्याच्या मागे पुण्याहून आणलेला वकील, आणि मग पंचवीसतीस माणसं. पुढारी खुर्चीत बसला आणि न विचारता पंखा वाढवला.

"साहेब, नुसता निष्काळजीपणा लावून कसं चालंल? त्याला तर ठाण्यातच जामीन मिळतो. फसवणुकीचं कलम वाढवा. त्याला आत घ्या."

"मशीन बघितल्याशिवाय वाढवत नाही," मी म्हणालो.

"बघायचं काय त्यात? बाईचा हात बघितला न्हाई का तुम्ही?"

"हात डॉक्टरांनी बघितला. मशीन मी बघणार."

वकिलाने ग्राहक आयोगात लावायच्या दाव्याचा मसुदा माझ्यासमोर सरकवला. भरपाईचा आकडा सांगत नाही, पण तो वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. बोटांची भरपाई, मानसिक त्रासाची भरपाई, म्हशींचं दूध कमी झालं त्याचीही भरपाई. वकील गोड आवाजात म्हणाला, "पोलिसांनी फसवणुकीचं कलम लावलं की आमच्या दाव्याला बळ येतं, साहेब. शेवटी त्या बिचाऱ्या बाईसाठीच चाललंय ना."

त्या 'बिचाऱ्या बाई'वर माझं डोकं सटकलं. मी म्हणालो, "वकीलसाहेब, तुमच्या दाव्याला बळ द्यायला सरकारने मला वर्दी दिलेली नाही." पुढारी उठला. जाता जाता दारातून म्हणाला की आठ दिवसांत अटक झाली नाही, तर गाव दौंडला जाऊन त्या शेडला कुलूप ठोकेल.

वर्कशॉपवाल्याला मी दुसऱ्या दिवशी चौकशीला बोलावलं. आयटीआय केलेला, हाताला ग्रीस चिकटलेला चाळिशीचा माणूस. दौंडला रेल्वे लाइनीपलीकडे पत्र्याची शेड, नऊ कामगार. घाबरून खुर्चीच्या कडेवर बसला होता.

"साहेब, गार्ड लावूनच मशीन दिलं मी. चार बोल्टांवर बसवलेला पिवळा गार्ड. माझ्या लेकीची शपथ."

"शपथ नको. पुरावा?"

त्याने पावती काढली. पावतीवर लिहिलेलं, 'कुट्टी मशीन, एक नग'. गार्डचा शब्द नाही, फोटो नाही, काही नाही. अटक झाली तर कामगार दुसरीकडे जाणार, तालुक्यातले दुकानदार त्याचं मशीन ठेवणार नाहीत आणि शेड कायमची बंद होणार, हे त्यालाही दिसत होतं आणि मलाही. तो खरं बोलतोय असं मला वाटत होतं. पण मला काय वाटतं ते केस डायरीत लिहिता येत नाही.

चार दिवस गेले. गावात कुणी तोंड उघडेना. मग एका सकाळी गावच्या दूध संकलन केंद्रावरचे एक वयस्कर गृहस्थ, सगळे त्यांना आप्पा म्हणत, दाखल्याच्या कामाचं निमित्त करून ठाण्यात आले. इकडचं तिकडचं बोलले, चहा घेतला, आणि उठताना हळूच म्हणाले, "सायेब, मशीन बघाया जाल तवा त्येंच्या कोंबड्याबी बघून या."

"कोंबड्या? कशाला?"

"मी कुठं काय म्हन्लं? कोंबड्या ब्येस हायत्या, येवढंच." आणि आप्पा चालू पडले.

दोन पंच सोबत घेतले आणि दुपारच्या आत मी त्या वस्तीवर पोचलो. गोठ्यात दोन म्हशी, तीन गाई. शेजारी मशीन, हिरव्या रंगाचं, नवं. रोलर उघडे. गोठ्यामागे विटांचं खुराडं होतं आणि खुराड्याच्या तोंडाला आडोसा म्हणून उभं केलं होतं एक पिवळं लोखंडी जाळीदार झाकण. त्याच्या आडून चारपाच कोंबड्या माझ्याकडे बघत होत्या.

मी ते झाकण उचललं आणि मशीनवर ठेवलं. चार भोकांवर चार भोकं बरोबर बसली. मशीनच्या ज्या भागावर ते टेकत होतं, तिथला हिरवा रंग कोरा चकचकीत होता, बाकी सगळीकडे वैरणीचा चीक आणि धूळ बसलेली. पंचांपैकी एक जण तोंड फिरवून हसायला लागला. मी त्याला म्हटलं, "हसू नकोस, सही कर."

नवऱ्याला ठाण्यात आणलं. आमच्या खात्याबद्दल लोकांचे काही समज आहेत, म्हणून सांगतो, मी त्याला बोटही लावलं नाही. पिवळा गार्ड टेबलावर ठेवला आणि समोर बसून माझं दुसरं काम करत राहिलो. खोटं बोललेल्या माणसाला शांतता सोसत नाही, हा माझा अनुभव आहे. आधी तो म्हणाला की गार्ड जुन्या मशीनचा आहे. मग म्हणाला, भंगारातून आणला. अर्ध्या तासाने खाली बघून बोलला.

"म्याच काढला. कडब्याला चालतो त्यो, पर उसाच्या वाढ्याला न्हाई चालत. दर दोन पेंढ्यांला आडकतं. मग काढा बोल्ट, साफ करा, लावा बोल्ट. सगळ्या गावानं काढल्यात सायेब, म्या एकट्यानं न्हाई."

हे खरं होतं. आमच्या पट्ट्यात तोडणीचा हंगाम सुरू झाला की उसाचे शेंडे, म्हणजे वाढे, हीच जनावरांची वैरण. ते ओले आणि लांब. मशीन बनतं वाळलेल्या कडब्यासाठी आणि चालतं वाढ्यावर. त्यामुळे नवं मशीन दारात आलं की त्याला हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि पहिल्याच आठवड्यात पाना घेऊन गार्ड काढायचा, ही रीतच पडून गेली होती.

"आणि जबाबात खोटं कुणी लिहायला सांगितलं?"

"सुचवलं त्येंनी... वकिलानं न्हाई, पुढाऱ्यानं. दवाखान्यातच म्हन्ला, गार्ड नव्हताच म्हनून सांग. मी सांगितलं, हवालदारानं लिहिलं."

"आणि बायको?"

"ती गुंगीत व्हती."

माझे कान तापले. म्हणजे ज्या जबाबावर माझी सही होती, तो त्या बाईने दिलेलाच नव्हता. गुंगीत पडलेल्या बाईचा अंगठा उचलून कागदावर टेकवला होता. हवालदाराला मी झापलं, त्याच्यावर अहवालही पाठवला, पण सही माझी होती.

दुसऱ्या दिवशी महिला शिपायाला घेऊन मी स्वतः बाईंकडे गेलो. नवऱ्याला बाहेर बसवलं. हाताला पांढरं बँडेज, वय असेल पस्तीसएक. दहावी शिकलेल्या. मी आधी त्यांची माफी मागितली. त्यांनी ती मान हलवून घेतली, लांबण लावली नाही.

"ताई, तुम्ही सांगा. मी लिहितो. कुणाला काय वाटेल ते बघू नका."

"ल्ह्या मग," त्या म्हणाल्या. "गार्ड व्हता. आमच्या ह्यांनी काढला. मी म्हन्लं व्हतं, काढू नका, भ्या वाटतं. ह्ये म्हन्ले, काय व्हत न्हाई. त्या दिवशी थ्री फेज लाइट आठाला जानार व्हती आन् निम्मी कुट्टी राहिलेली. वाढं आडकलं. बटन लांब, भिंतीला. म्हन्लं, कुठं बंद करत बसायचं. घातला हात. मशीन चालू व्हतं, मला दिसत व्हतं, तरी मीच घातला. माजं चुकलं. ह्ये बी ल्ह्या."

महिला शिपाई हळूच म्हणाली, "ताई, असं लिहिलं तर भरपाई जाईल."

बाईंनी तिच्याकडे असं बघितलं की मीच जरा मागे सरकलो. "आन् त्या माणसाला आत टाकल्यावर माज्या म्हशी त्यो धुनार हाय व्हय? माज्या हाताच्या नावावर कुनी खोटं बोलायचं न्हाई. हात माजा गेलाय."

लिहिलेलं त्यांनी स्वतः वाचलं आणि पेन डाव्या हातात घेऊन सही केली. पाच अक्षरांना पाच मिनिटं लागली. अंगठा चालेल, असं मी म्हणालोच नाही. मग म्हणाल्या, "सायेब, त्या मशीनवाल्याला येकदा हितं आना. त्येनं माज्या म्होरं वाढं घालून दाखवावं."

इकडे वर्कशॉपवाल्याला बातमी लागली होती. आठ दिवसांपूर्वी जो खुर्चीच्या कडेवर बसला होता, तो आता कडक इस्त्रीचा शर्ट घालून ठाण्यात आला, पेढ्यांचा बॉक्स घेऊन. बॉक्स मी उघडू दिला नाही. बसला आणि बोलायला लागला.

"साहेब, बी समरी पाठवा." फिर्याद जाणूनबुजून खोटी होती, असा अहवाल कोर्टाला पाठवतात त्याला आम्ही बी समरी म्हणतो. तो मंजूर झाला की फिर्याद देणाऱ्यावरच खटला भरता येतो. "माझी तालुकाभर बदनामी झाली. मी त्यांना सोडत नाही. अब्रुनुकसानीचा दावा लावणार. स्वतः गार्ड काढायचा, स्वतः हात घालायचा आणि कोर्टात मला खेचायचं? माझी एका पैची चूक नाही."

बोलत होता त्यातलं बरंचसं खरं होतं. पण सूर मला आवडला नाही. त्या दिवशी पुढारी आणि वकील ज्या सुरात बोलत होते तोच हा सूर होता. मी म्हणालो, "उद्या सकाळी वस्तीवर या. पंचांसमोर मशीन चालवून दाखवायचं आहे. मग बघू."

सकाळी सगळे जमले. पुढारीही आला, उगाच लांब उभा राहिला. वर्कशॉपवाल्याने गार्ड बसवला, बोल्ट आवळले, स्टार्टर दाबला. बाई हात गळ्यात अडकवून गोठ्याच्या खांबापाशी उभ्या होत्या. नवऱ्याने वाढ्याची ताजी मोळी आणून टाकली.

पहिली पेंढी गेली. वर्कशॉपवाल्याने आमच्याकडे बघितलं, बघा म्हणून. दुसरी अर्धी गेली आणि ओली पाती गार्डच्या कडेला गुंडाळत गेली, चोथा जमला, मशीन घुर्र घुर्र करायला लागलं. त्याने पेंढी मागे ओढली, निघेना. पुढे ढकलली, जाईना. घाम पुसला. मशीन चालूच होतं. मग नवऱ्याकडे न बघताच त्याने हात पसरला आणि म्हणाला,

"तेरा नंबरचा पाना आण रे."

नवऱ्याने पाना आणला. त्याने पहिला बोल्ट ढिला केला. दुसऱ्याला पाना लावला तेवढ्यात मशीन थांबलं. बाईंनी भिंतीपाशी जाऊन डाव्या हाताने बटण दाबलं होतं.

वर्कशॉपवाल्याने हातातल्या पान्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"दादा," बाई म्हणाल्या, रागाने नाही, समजावल्यासारखं, "तुमी बनिवलं, तुमाला सगळं म्हाईत. तरीबी तुमी चालू मशीनचा गार्ड खोलाया लागला. मग आमी काय करावं? येक सांगा, हितं इकायच्या आदी तुमी कवा वाढं घालून बघितलं व्हतं का?"

"नाही, ताई," तो म्हणाला. "कडबाच घालून बघायचो." पाना खाली ठेवला. "चुकलं माझं."

मी बरेच कबुलीजबाब ऐकले आहेत. बहुतेक वेळा माणूस कबूल होतो तो सुटायची वाट उरत नाही म्हणून. ह्या माणसाच्या हातात सुटका होती, तिचा कागद मी त्याच दिवशी लिहिणार होतो. तरी तो हे म्हणाला. त्या दिवशी मला तो पहिल्यांदा आवडला.

अहवाल मी माझ्या मताने पाठवला. फसवणुकीचा आरोप खोटा आहे, असं त्यात ठणकावून लिहिलं. खोटी माहिती कुणाच्या सांगण्यावरून आली तेही लिहिलं, पुढाऱ्याच्या पदासकट. पण बी समरी पाठवली नाही, कारण फिर्याद ज्या बाईच्या नावावर होती तिने खोटं सांगितलंच नव्हतं, आणि चार बोटं काही खोटी नव्हती. सी समरी पाठवली, म्हणजे गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा. पुढाऱ्याने वरपर्यंत फोन केले. वरिष्ठांनी मला बोलावून विचारलं की सगळ्यांशीच कसं काय वाकडं घेतलंत. मी म्हणालो, "कागद वाचा सर, एकही ओळ खोटी निघाली तर सांगा." निघाली नाही. सहा महिन्यांनी बदली झाली. झाली तर झाली, बाडबिस्तरा बांधायला मला एक तास लागायचा.

ग्राहक आयोगातला दावा लागलाच नाही. नवऱ्यावर गुन्हा घालता येतो, हे मी बाईंना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "आत बसून आयतं खातील. घरीच असू द्या, काम हाय."

बदलीच्या आधी एकदा त्या वस्तीवरून जाणं झालं. वर्कशॉपवाला तिथे आलेला होता. नवा गार्ड घेऊन, लांब तोंडाचा, कडेला गोलाई दिलेला. शेडमध्ये दोन हंगामांचे वाढे घालून बघितले म्हणाला, म्हणजे खरं तर दोन महिने, पण त्याला दोन हंगामांसारखे वाटले असणार. बटणही भिंतीवरून काढून मशीनच्या तोंडापाशी आणलं होतं. गार्ड उचलला की मशीन आपोआप बंद पडत होतं. बनवलेला पहिला नग त्याने ह्याच मशीनला बसवला आणि बाईंना म्हणाला, "ताई, तुम्ही बघा. तुम्ही पास केला तरच पुढे."

अपघातानंतर त्या मशीनजवळ गेल्या नव्हत्या. गेल्या. डाव्या हाताने पेंढी उचलली आणि घातली. दुसरी घातली. तिसरी, चौथी, पाचवी. अडकलं नाही. नवरा शेजारीच उभा होता. त्यांनी मशीन बंद केलं, हात पदराला पुसला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "चालतंय. उद्यापास्नं कुट्टी तुमी करायची. रोज." तो 'व्हय, माजं चुकलं' म्हणाला.

कोर्टकचेऱ्यांबद्दल लोक मला आजही विचारतात. एक गट म्हणतो, कंपन्यांना धडा शिकवायला दावे लागतातच. दुसरा म्हणतो, लोक स्वतः माती खातात आणि दुसऱ्याच्या तोंडाला फासतात. दोन्ही गटांना मी हीच गोष्ट सांगतो आणि दोन्ही गट माझ्यावर नाराज होतात. होऊ देत. खोटा दावा मी एक दिवसही चालू दिला नसता, आजही देणार नाही. पण कोर्टाने निर्दोष ठरवलं म्हणून माणसाची जबाबदारी संपत नाही. कागद तपासणारा मीच होतो, मला हे सांगायचा हक्क आहे.

त्या प्रकरणात सगळ्यात कमी चूक त्या बाईची होती, आणि सगळ्यात जास्त गेलं तेही तिचंच. तरी 'माझं चुकलं' हे सगळ्यांच्या आधी कागदावर आणलं ते तिने. तिच्यापुढे बाकी तिघांनाही तसं म्हणावं लागलं. एक तिचा नवरा, एक तो मशीन बनवणारा, आणि न वाचता सही करणारा मी.